गर्भारपणांतील रक्तदाब : न दुखणारें दुखणें

“बाळंतपण म्हणजे बाईचा दुसरा जन्म” असें आपल्याकडे म्हणतात. हें वाक्य आपण इतक्या सहजपणें उच्चारतों कीं, त्याच्या पोटांत किती पिढ्यांची भीति सांठलेली आहे याची जाणीवहि आपणांस राहत नाहीं. बाळंतपणांत स्त्रीच्या जिवावर बेतणारीं जीं कारणें आहेत, त्यांत अतिरक्तस्राव हें सर्वांत मोठें. तो डोळ्यांना दिसतो, आणि म्हणूनच त्याची दहशत घरांतील लहानथोरांना असते. बाळंतज्वर हें दुसरें एक कारण. तोहि अंगाला हात लावल्याबरोबर कळतो. परंतु आणखी एक कारण असें आहे कीं, तें डोळ्यांना दिसत नाहीं, हाताला लागत नाहीं, आणि बहुधा शेवटच्या घटकेपर्यंत दुखतहि नाहीं. तें म्हणजे गर्भारपणाच्या उत्तरार्धांत वाढणारा रक्ताचा दाब. जागतिक आरोग्य संघटनेनें २००३ ते २००९ या काळांतील मातामृत्यूंचा जो हिशेब २०१४ सालीं प्रसिद्ध केला, त्यांत शंभरांतील सुमारें १४ मृत्यु या एका विकाराच्या खातीं जमा आहेत.

श्रोतेहो, आज या विकाराविषयीं चार शब्द सांगावयाचे आहेत. सांगणारा डॉक्टर नाहीं, शाळामास्तर आहे, हें आरंभींच सांगितलेलें बरें. कोणतें औषध किती द्यावें हें डॉक्टरांनीं ठरवावयाचें. परंतु धोका ओळखण्याची आणि वेळेवर दवाखाना गांठण्याची जबाबदारी घरच्या माणसांची असते. आणि या विकारांत आईचा जीव वांचणें न वांचणें हें पुष्कळदां याच जबाबदारीवर अवलंबून असतें. सर्व भाषणाचें सार एका वाक्यांत सांगावयाचें तर तें असें : हा विकार दुखण्याची वाट पाहून ओळखूं नये; तो मोजून ओळखावा.

प्रथम रक्तदाब म्हणजे काय तें पाहूं. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर रक्त रोहिण्यांत लोटलें जातें आणि त्यांच्या भिंतींवर त्याचा दाब पडतो. ठोका पडतांना जो दाब असतो तो वरचा आंकडा, आणि दोन ठोक्यांमधील विसाव्यांत जो उरतो तो खालचा आंकडा. पाऱ्याचा स्तंभ किती मिलिमीटर चढतो यावरून तो मोजण्याची पद्धति पडल्यामुळें आपण १२०/८० असें बोलतों. गर्भारपणीं स्त्रीच्या शरीरांतील रक्त जवळजवळ निमपटीनें वाढतें. रक्त वाढलें म्हणजे दाबहि वाढावा असें कोणासहि वाटेल. पण निसर्गाची योजना अशी कीं, त्याच वेळीं रक्तवाहिन्या सैल होतात, आणि चौथ्या-पांचव्या महिन्यांत दाब उलट थोडा उतरतो. पुढें दिवस भरत आले म्हणजे तो पुनः पहिल्या ठिकाणीं येतो. ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. जिचा दाब चौथ्या महिन्यांत १००/६० होता, तिचा आठव्यांत १३६/८८ भरला, तर आंकडा मर्यादेच्या आंत असला तरी चढण मोठी आहे. म्हणून आजच्या आंकड्याइतकाच मागचा आंकडाहि महत्त्वाचा असतो.

मर्यादा कोणती म्हणाल, तर वरचा आंकडा १४० अथवा खालचा ९०, यांपैकीं कोणताहि एक गांठला गेला, आणि चार तासांच्या अंतरानें पुनः मोजूनहि तसाच भरला, म्हणजे दाब वाढला असें डॉक्टर मानतात. वरचा १६० किंवा खालचा ११० झाला, तर मात्र चार तास थांबावयाचें नसतें. थोड्या मिनिटांत खात्री करून लगेच उपचार सुरू करावे लागतात.

या विकाराचीं रूपें अनेक आहेत. कित्येक स्त्रियांना दिवस जाण्यापूर्वींपासूनच रक्तदाब असतो; तें जुनें दुखणें. दुसऱ्या कांहींना तो विसाव्या आठवड्यानंतर प्रथमच उद्भवतो, पण इतर अवयवांना इजा झालेली नसते. तिसरें रूप अधिक गंभीर. त्यांत दाबाबरोबर लघवींतून अल्ब्यूमिन जाऊं लागतें, किंवा यकृत, मूत्रपिंड, रक्त गोठण्याची शक्ति, मेंदू यांपैकीं कशावर तरी परिणाम झालेला दिसतो. यास प्रीएक्लॅम्प्सिया म्हणतात. शंभर गर्भवतींमागें दोन ते आठ जणींस तो होतो. आणि याचीच अखेरची पायरी म्हणजे एक्लॅम्प्सिया : स्त्रीला अकस्मात् आंचके येतात, शुद्ध हरपते, आणि आई व मूल या दोघांचेहि प्राण संकटांत सांपडतात.

‘एक्लॅम्प्सिया’ या शब्दाचें मूळ ग्रीक भाषेंत असून त्याचा आशय एकाएकीं चमकून जाणें असा आहे. नांव ठेवणाऱ्यांना हें संकट निरभ्र आकाशांतून वीज कोसळावी तसें वाटलें. परंतु आकाश खरोखर निरभ्र नसतें. ढग आधीं जमलेले असतात, ते पाहण्याचें साधन तेवढें नव्हतें. लंडनच्या गाय रुग्णालयांतील लीव्हर या डॉक्टरानें १८४३ सालीं असें दाखवून दिलें कीं, आंचके येणाऱ्या गर्भवतींच्या लघवींत अल्ब्यूमिन असतें. अंड्याचा पांढरा बलक तापविला म्हणजे जसा घट्ट व पांढरा होतो, तशी ही लघवी परीक्षानळींत तापविली असतां गढूळ होते. इतकी ही परीक्षा साधी. पुढें १८९६ सालीं इटलींतील रिव्हा-रोच्ची यानें दंडाला पट्टा बांधून दाब मोजण्याचें यंत्र सिद्ध केलें, आणि १९०५ सालीं रशियांतील कोरोटकॉफ यानें नळी कानाला लावून वरचा व खालचा असे दोन्ही आंकडे ओळखण्याची रीति सांगितली. एवढें झाल्यावर आंचक्यांपूर्वीं कित्येक दिवस, कधीं कधीं कित्येक आठवडे, दाब चढत असतो ही गोष्ट उघड झाली. वीज कोसळण्यापूर्वीं ढग मोजतां येऊं लागले.

गर्भवतीनें ठरलेल्या आठवड्यांना दवाखान्यांत जाऊन तपासणी करून घ्यावी, या आजच्या प्रघाताचा उगम बऱ्याच अंशीं याच विकारांत आहे. ब्रिटनच्या आरोग्य खात्यानें १९२९ सालीं तपासणीचें जें वेळापत्रक आंखून दिलें, त्यांत सोळावा, चोविसावा व अठ्ठाविसावा आठवडा, नंतर छत्तिसाव्यापर्यंत दर पंधरवड्यास, आणि पुढें दर आठवड्यास तपासणी असा क्रम होता. प्रसूति जसजशी जवळ येते तसतशा तपासण्या दाट होतात. कारण दाब चढण्याचा संभव याच काळांत वाढत जातो, आणि एकदां चढूं लागला म्हणजे तो कित्येकदां दिवसांच्या नव्हे, तासांच्या हिशेबानें चढतो. २०१६ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें निदान आठ तपासण्या सुचविल्या आहेत. त्यांतील पांच तिसाव्या आठवड्यापासून पुढच्या आहेत. तत्त्व तेंच.

आतां हा विकार होतो कां? फार वर्षें वैद्यकाची अशी समजूत होती कीं, गर्भवतीच्या रक्तांत कसलें तरी विष उत्पन्न होतें. म्हणून या दुखण्यास ‘गर्भारपणांतील विषबाधा’ अशा अर्थाचें नांव पडलें होतें. विष शोधून सांपडेना, तेव्हां नांव मागें पडलें. आज जें ठाऊक आहे तें असें. गर्भाचें पोषण वारेतून होतें. वारेला रक्त पुरविणाऱ्या रोहिण्या गर्भाशयाच्या भिंतींत मळसूत्रासारखे वळसे घेत गेलेल्या असतात. पहिल्या चार-पांच महिन्यांत वारेच्या पेशी या रोहिण्यांच्या भिंतींत शिरून त्यांना सैल व रुंद करतात. चिंचोळ्या नळीचा जणूं वाहता पाट होतो. कांहीं स्त्रियांत हें काम अपुरें राहतें. नळ्या अरुंदच राहतात, आणि गर्भ वाढूं लागला म्हणजे वारेला रक्त पुरेनासें होतें. अशी उपाशी वार कांहीं द्रव्यें आईच्या रक्तांत सोडते. मद्रासच्या मेडिकल कॉलेजांत शिकलेले डॉ. अनंत करुमंची व त्यांचे सहकारी यांनीं बोस्टन येथें २००३ सालीं दाखवून दिलें कीं, वारेतून निघणारें एक प्रथिन आईच्या रक्तांत वाढलें म्हणजे तें रक्तवाहिन्यांच्या आंतील अस्तराला आवश्यक असणाऱ्या द्रव्यांना अडवून धरतें. अस्तर दुखावलें म्हणजे वाहिन्या आकसतात व पाझरतात. आकसल्या म्हणून दाब चढतो. मूत्रपिंडांत पाझरल्या म्हणून लघवींत अल्ब्यूमिन येतें. इतरत्र पाझरल्या म्हणून सूज येते. मेंदूंत हेंच घडलें म्हणजे डोकें दुखतें, दृष्टि अंधुक होते आणि अखेर आंचके येतात. विष हा शब्द चुकीचा ठरला खरा, पण रक्तांत कांहीं तरी मिसळतें हा जुन्या लोकांचा तर्क अगदींच वायां गेला नाहीं.

या वर्णनावरून दोन गोष्टी ध्यानांत येतील. पहिली अशी कीं, दुखण्याचें मूळ वारेंत असल्यामुळें, वार बाहेर पडल्यावांचून तें समूळ जात नाहीं. दुसरी अशी कीं, हें दुखणें एका अवयवाचें नाहीं. रक्तवाहिन्या जेथें जेथें आहेत तेथें तेथें तें पोंचतें. मेंदूंत रक्तस्राव होणें, फुप्फुसांत पाणी भरणें, मूत्रपिंडें बंद पडणें, यकृताला इजा होणें, वार गर्भाशयापासून वेळेआधींच सुटणें, हे सर्व त्याचेच प्रकार. मुलाकडे पुरेसें रक्त जात नसल्यामुळें तें खुरटतें, अपुऱ्या दिवसांचें जन्मतें, किंवा पोटांतच दगावतें.

हें कोणाला अधिक होतें? पहिलटकरणीला, जुळें असलेल्या स्त्रीला, मागील खेपेस हाच त्रास झालेल्या स्त्रीला, मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार किंवा जुना रक्तदाब असलेल्या स्त्रीला, फार स्थूल असलेल्या स्त्रीला, चाळिशीच्या आसपास दिवस राहिलेल्या स्त्रीला, आणि जिच्या आईला अथवा सख्ख्या बहिणीला हा त्रास झाला होता तिला. ही शेवटची गोष्ट डॉक्टरांना घरच्या वडील बायकांनींच सांगावयास हवी. “मला तुझ्या वेळीं आंचके आले होते” ही गोष्ट पुष्कळ आयांनीं आपल्या मुलींपासून दडवून ठेवलेली असते. मुलगी घाबरेल म्हणून. ती सांगावी. तिनें घाबरण्यापेक्षां डॉक्टरांनीं सावध होणें अधिक महत्त्वाचें आहे.

अशा स्त्रियांकरितां आतां प्रतिबंधाचे उपाय आहेत, पण ते वेळेवर सुरू झाले पाहिजेत. अॅस्पिरिनची लहान मात्रा साधारणतः बाराव्या आठवड्याच्या सुमारास सुरू केली असतां हा विकार पुष्कळ अंशीं टळतो. २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या प्रयोगांत, अधिक धोका असलेल्या १,७७६ स्त्रियांपैकीं ज्यांना अॅस्पिरिन दिलें त्यांच्यांत, सदतीस आठवड्यांपूर्वीं प्रसूति करावी लागेल इतका तीव्र प्रीएक्लॅम्प्सिया निम्म्याहूनहि कमी झाला. कॅल्शियमचेंहि तसेंच. ज्यांच्या आहारांत तें कमी पडतें त्यांनीं तें औषधरूपानें घेतल्यास धोका घटतो. २०२४ च्या आरंभीं प्रसिद्ध झालेल्या बंगळूर व टांझानिया येथील प्रयोगांत, प्रत्येक ठिकाणीं ११,००० पहिलटकरणींवर पाहणी करून असें आढळलें कीं, या कामीं रोजचें ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम १,५०० मिलिग्रॅमपेक्षां उणें ठरत नाहीं. हीं औषधें कोणीं व किती घ्यावींत हें मात्र डॉक्टरांनींच ठरवावयाचें. उलट, ज्या दोन गोष्टींवर आपल्या घरांतून फार भर दिला जातो, म्हणजे अळणी जेवण आणि दिवसभर अंथरुणावर पडून राहणें, त्यांनीं हा विकार टळतो असें सिद्ध झालेलें नाहीं. गर्भवतीला अळणी जेवावयास लावून घरच्यांनीं निश्चिंत व्हावें, आणि दाब मोजावयाचा राहून जावा, हा दुहेरी तोटा होय.

आतां मोजण्याविषयीं. दाब मोजतांना स्त्रीनें पांच मिनिटें शांत बसलेलें असावें. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात हृदयाच्या उंचीवर टेकविलेला, आणि बोलणें बंद. जिना चढून आल्याबरोबर घाईनें घेतलेला आंकडा विश्वासाचा नव्हे. दंड जाड असेल तर पट्टाहि मोठा हवा. हल्लीं घरोघरीं बॅटरीवर चालणारीं यंत्रें आलीं आहेत. गर्भवतींसाठीं तपासून मान्य केलेलें यंत्र डॉक्टरांच्या सल्ल्यानें घेतलें, तर शेवटच्या दोन महिन्यांत त्याचा चांगला उपयोग होतो; पण त्यामुळें दवाखान्यांतील तपासणी चुकवूं नये, कारण लघवीची परीक्षा, रक्ताची परीक्षा आणि मुलाच्या वाढीची पाहणी हें यंत्र करूं शकत नाहीं. ज्यांना खाजगी खर्च झेंपत नाहीं त्यांच्यासाठीं सरकारी दवाखान्यांतून विनामूल्य तपासणीची सोय आहे. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेस गर्भवतींच्या खास तपासणीचा दिवस पाळण्यांत येतो.

येथें आपल्या एका रूढीचा विचार करणें अगत्याचें आहे. पहिलें बाळंतपण माहेरीं व्हावें अशी आपली चाल. सातव्या महिन्यांत डोहाळजेवण होतें, ओटी भरली जाते, आणि मुलगी माहेरीं जाते. चाल प्रेमळ आहे, तिला नांवें ठेवण्याचें कारण नाहीं. परंतु समजा, सासर पुण्यास आहे आणि माहेर रत्नागिरीकडे एखाद्या गांवीं. सात महिने एका डॉक्टरांनीं तपासलें. त्यांच्याजवळ पहिल्यापासूनचे आंकडे आहेत. मुलगी माहेरीं आली ती रिकाम्या हातानें. येथें पाहुणे-राऊळे, आल्या-गेल्यांचीं कौतुकें, यांत तीन-चार आठवडे सहज निघून जातात. “आतां काय, दिवस भरले म्हणजे नांव घालूं” असें होतें. म्हणजे ज्या आठवड्यांत तपासण्या दाट व्हावयाच्या, नेमक्या त्याच आठवड्यांत त्या तुटतात. आणि नव्या डॉक्टरांकडे गेल्यावर मागचा आंकडा न मिळाल्यामुळें चढण कळत नाहीं. उपाय अगदीं सोपा आहे. ओटीच्या नारळाबरोबर तपासणीचें कार्ड व सर्व कागद मुलीच्या पिशवींत घालावेत, आणि माहेरीं पोंचल्यावर पहिल्या आठवड्यांतच तिला तेथील डॉक्टरांना दाखवावें. आंचके आल्यास वा शस्त्रक्रिया लागल्यास सोय असलेलें रुग्णालय किती मैलांवर आहे आणि रात्रीं तेथें कसें जावयाचें, हें त्याच दिवशीं ठरवून ठेवावें.

दाब मोजला जात असतांहि कांहीं चिन्हांवर नजर ठेवावी लागते. तीं उमटलीं म्हणजे विकार पुष्कळ पुढें गेला असें समजावें. दुर्दैव असें कीं, यांतील प्रत्येक चिन्हाला आपल्या घरांत एक निरुपद्रवी स्पष्टीकरण तयार असतें. डोकें ठणकूं लागलें कीं, “पित्त झालें असेल, सुंठ उगाळून लावा.” बरगड्यांखालीं, विशेषतः उजवीकडे, कळ येऊं लागली कीं, “खाल्लेलें बाधलें, ओंवा द्या.” डोळ्यांपुढें काजवे चमकले कीं, “अशक्तपणा आहे.” पाय सुजले कीं, “गर्भारपणांत पाय सुजायचेच.” पायांची थोडी सूज पुष्कळ निरोगी स्त्रियांनाहि येते हें खरें, परंतु एक-दोन दिवसांत तोंड व हात सुजणें, बांगड्या-अंगठ्या घट्ट होणें, ही सूज निराळी. पित्त, अपचन आणि अशक्तपणा हीं नांवें गर्भारपणाच्या उत्तरार्धांत दाब मोजण्यापूर्वीं उच्चारूं नयेत. न थांबणारी डोकेदुखी, अंधुक दृष्टि, वरच्या पोटांतील कळ, एकाएकीं आलेली सूज, दम लागणें, लघवी कमी होणें, किंवा मुलाची हालचाल मंदावणें, यांपैकीं एकहि चिन्ह दिसलें तर त्याच दिवशीं, त्याच वेळीं, रात्र असली तरी, दवाखान्यांत जावें.

आणि आंचके आलेच तर? अशा वेळीं घरांत एकच कल्लोळ होतो. कोणी कांदा फोडून नाकाशीं धरतो, कोणी जोडा हुंगवितो, कोणी दातखीळ उघडण्यासाठीं तोंडांत चमचा घालतो, कोणी बाहेरची बाधा म्हणून अंगारा आणावयास धांवतो. यांतील कशाचाहि उपयोग नाहीं, आणि चमच्यानें तर दांत मोडतो किंवा श्वास कोंडतो. स्त्रीला डाव्या कुशीवर वळवावें, म्हणजे लाळ व ओकारी बाहेर पडते. आसपासच्या टणक वस्तु दूर कराव्या. तोंडांत कांहीं घालूं नये, पाणीहि पाजूं नये. आणि १०८ क्रमांकावर दूरध्वनि करून रुग्णवाहिका बोलवावी. आंचके आपोआप थांबले म्हणून घरीं थांबूं नये. पहिल्यामागोमाग दुसरा येतो. यापूर्वीं फेंफऱ्याचा विकार नसलेल्या गर्भवतीस उत्तरार्धांत आंचके आले, तर दुसरें कांहीं सिद्ध होईपर्यंत तो एक्लॅम्प्सियाच समजावयाचा, असा डॉक्टरांचा नियम आहे.

रुग्णालयांत यावर जें औषध देतात तें ऐकून पुष्कळांस नवल वाटेल. पूर्वीं घरोघरीं जुलाबाकरितां जें एप्सम सॉल्ट घेत, तेंच, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, शुद्ध करून सुईवाटें टोंचतात. २००२ सालीं ३३ देशांतील १०,००० हून अधिक स्त्रियांवर केलेल्या प्रयोगाचा निकाल प्रसिद्ध झाला; या औषधानें आंचक्यांचा धोका निम्म्याहून अधिक कमी होतो असें त्यांत सिद्ध झालें. औषध स्वस्त आहे, जुनें आहे. पण तें देतांना श्वास, लघवी व गुडघ्याची उडी यांवर सतत लक्ष ठेवावें लागतें, म्हणून तें रुग्णालयाचेंच काम. दाब उतरविण्यासाठीं गर्भारपणांत चालणारीं निराळीं औषधें आहेत. येथें एक इशारा : जुन्या रक्तदाबावरील कांहीं गोळ्या गर्भाला अपायकारक असतात. अशा स्त्रीनें दिवस राहण्यापूर्वींच डॉक्टरांना विचारून गोळ्या बदलून घ्याव्या. मनानें बंदहि करूं नयेत.

परंतु खरा उपाय प्रसूति हाच. विकार सौम्य असेल तर सदतीस आठवडे भरल्यावर, आणि तीव्र असेल तर चौतीस आठवड्यांच्या सुमारास, कधीं त्याहूनहि आधीं, डॉक्टर प्रसूति करविण्याचा निर्णय घेतात. तत्पूर्वीं जरूर तर मुलाचीं फुप्फुसें बळकट व्हावींत म्हणून आईला औषध टोंचतात. या वेळीं घरांतील वडीलधाऱ्यांचें मन कचरतें. “सातव्यांतलें मूल जगतें, आठव्यांतलें जगत नाहीं” अशी एक समजूत आपल्याकडे फार खोल रुजली आहे. ती सर्वस्वी चुकीची आहे. पोटांत काढलेला प्रत्येक आठवडा मुलाला अधिक सशक्त करतो. आठव्या महिन्यांतलें मूल सातव्यांतल्याहून केव्हांहि अधिक तगतें, आणि सोयीच्या रुग्णालयांत अशीं मुलें बहुतांशीं वांचतात. मुहूर्ताची किंवा अमावास्या टळण्याची वाट पाहण्यांत जे तास जातात, ते मुलाच्या हिताचे नसतात आणि आईच्याहि नसतात.

मूल झालें, बारशाचे बेत सुरू झाले, म्हणजे धोका टळला असें सर्वांस वाटतें. हाहि एक घातक गैरसमज होय. प्रसूतीनंतरचे पहिले दोन दिवस विशेष जपण्याचे असतात. दाब तिसऱ्या ते सहाव्या दिवसाच्या सुमारास पुनः चढूं शकतो, आणि विरळा कां होईना, सहा आठवड्यांपर्यंत आंचके येऊं शकतात. बाळंतिणीचें डोकें दुखूं लागलें कीं, “वारा लागला” म्हणून कान बांधून तिला शेकत बसवितात. कान खुशाल बांधावे. पण आधीं दाब मोजावा. घरीं आल्यावर त्या पहिल्या आठवड्यांत निदान एकदां तरी दाब तपासून घेतला पाहिजे.

याहि पुढची एक गोष्ट अलीकडे निश्चित झाली आहे. जिला प्रीएक्लॅम्प्सिया झाला, तिला उत्तर आयुष्यांत रक्तदाब, हृदयविकार व पक्षाघात यांचा संभव इतर स्त्रियांच्या सुमारें दुप्पट किंवा त्याहूनहि अधिक असतो. गर्भारपण म्हणजे रक्तवाहिन्यांची जणूं एक परीक्षा. तींत जिला अडचण आली तिनें पुढें वर्षांतून एकदां तरी दाब, साखर व वजन पाहत जावें, आणि आपला हा पूर्वेतिहास प्रत्येक डॉक्टरास सांगावा.

आपल्या देशांत या बाबतींत झालेली सुधारणा थोडीथोडकी नाहीं. २००१ ते २००३ या काळांत दर एक लाख जन्मांमागें भारतांत ३०१ माता दगावत, महाराष्ट्रांत १४९. २०१८ ते २०२० या काळांत हे आंकडे अनुक्रमें ९७ व ३३ वर आले. रुग्णालयांतील प्रसूति, वेळेवर मिळणारी रुग्णवाहिका, रक्तपेढ्या, आणि गांवोगांव हिंडणाऱ्या परिचारिका व आशा कार्यकर्त्या यांचें हें श्रेय आहे. पण तेहेतीस ही संख्या लहान वाटली, तरी ज्या घरांतील सून अथवा लेक त्या तेहेतिसांत असते, त्या घराला ती लहान नसते. उरलेल्यांपैकीं ज्यांचे प्राण रक्तदाबानें जातात, त्यांच्यासाठीं नवें औषध किंवा महाग यंत्र हवें असें नाहीं. दंडाला बांधावयाचा एक पट्टा, लघवीची दोन मिनिटांची परीक्षा, आणि त्यांचे आंकडे लिहून ठेवणारा कागद, एवढें बहुतेक ठिकाणीं पुरतें. तें ठरलेल्या दिवशीं झालें पाहिजे एवढेंच.

गर्भवतीला भेटावयास गेल्यावर काय खावेंसें वाटतें हें आपण आवर्जून विचारतों, आणि तें विचारावेंच. त्याच आपलेपणानें, “या आठवड्यांत दाब किती निघाला?” असेंहि विचारीत चला. उत्तर आलें नाहीं, तर तिला घेऊन त्याच दिवशीं दवाखान्यांत जा.